उरलेल्या तेलाचा सदुपयोग

तळण संपल्यावर कढईत उरलेले तेल टाकून देणे कोणत्याही गृहिणीच्या जिवावर येते. ही काटकसर स्तुत्य आहे. परंतु तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून खाणे ही काटकसर नव्हे. ती आरोग्याची उधळपट्टी होय.

झाशीच्या जुन्या तटबंदीतील एका दरवाजाला खंडेराव गेट म्हणतात. या नावातच तेथील मराठी राजवटीची खूण आहे. पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे झाशीत स्थायिक झाली. दिवाळीत त्यांच्या घरी चकल्या-करंज्या तळल्या जातात. शहरातील समोसे-कचोऱ्यांच्या कढया तर वर्षभर तापत असतात. सण संपतो, दुकान बंद होते. काळपट तेल मात्र उरते.

तेल वारंवार तापले की त्याचे विघटन होते आणि त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली. दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांना १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. घरातील वाटीभर तेलाची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. तेथे विवेकानेच कायद्याचे काम केले पाहिजे.

हे तेल मोरीत ओतणेही योग्य नाही. ते थिजून गटारे तुंबतात. लक्ष्मी तालासारख्या जलाशयावर तेलाचा थर पसरला, तर पाण्यात हवा मिसळण्यास अडथळा येतो. मग या तेलाचे करावे काय? त्याचा साबण करावा, हे उत्तर सर्वांत समंजस ठरते.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होते. सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या एक किलो गाळलेल्या तेलाला सुमारे १२५ ते १३० ग्रॅम सोडा लागतो. तेल बदलले की हे प्रमाणही बदलते. म्हणून वजनकाटा हवाच. सोडा पाण्यात हळूहळू घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. हातमोजे व चष्मा घालावा आणि मुलांना दूर ठेवावे. तयार वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात. हा साबण भांडी व कपडे धुण्यास उपयोगी पडतो.

बाजारात साबण स्वस्त मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. सोडा त्वचा भाजतो, डोळ्यांना इजा करतो, ही शंकाही रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक स्वयंपाकघरात हा प्रयोग करण्यापेक्षा गल्लीतील बचत गटाने तेल एकत्र करावे आणि प्रशिक्षित महिलांनी साबण तयार करावा, हे अधिक हिताचे आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलाच्या साबणाला ग्रामोद्योगाचे स्थान दिले आहे. त्या परंपरेत हा उद्योग सहज सामावतो.

साबणाच्या वडीतून वाचणारे पैसे थोडे असतील. पण जे तेल पोटात किंवा गटारात गेले असते, ते स्वच्छतेच्या कामी येते. खरा लाभ हाच आहे.