विश्लेषण : एएनएम, जीएनएम की बीएस्सी? परिचारिका होण्याची वाट कुठे फुटते?

बारावीचा निकाल लागला की ‘नर्सिंगला नोकरी हमखास’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. त्यात तथ्य आहे. मात्र ‘नर्सिंग’ या एका शब्दाखाली तीन वेगळे अभ्यासक्रम येतात आणि त्यांच्याशेजारी कुठलीच नोंदणी न देणारे वर्गही भरतात. कोणती वाट धरली यावर पुढच्या २०-२५ वर्षांची नोकरी ठरते. फरक कळेपर्यंत पहिल्या वर्षाचे शुल्क भरून झालेले असते.

तीन वाटा कोणत्या?

एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो फक्त मुलींसाठी असून बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. कला किंवा वाणिज्य शाखेतून इंग्रजीसह ४० टक्के गुण मिळवणाऱ्यांनाही तो खुला आहे. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, खुल्या प्रवर्गाला या विषयांत ४५ टक्के गुणांची अट आहे आणि राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएम आणि बीएस्सी मुलांसाठीही खुले आहेत. रुग्णालयांत आता ‘सिस्टर’बरोबर ‘ब्रदर’ ही हाकही रुळली आहे.

खरा फरक कशात?

फरक वर्षांच्या संख्येपेक्षा नोंदणीत आहे. जीएनएम आणि बीएस्सी उत्तीर्ण झालेल्यांची राज्य परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंद होते. एएनएमची नोंद सहायक म्हणून, वेगळ्या वर्गात होते. म्हणून सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही चालतात, एएनएम चालत नाही. एएनएमची हक्काची जागा म्हणजे उपकेंद्रातली आरोग्य सेविका. सपाट भागात ५ हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. लसीकरणापासून गरोदर मातांच्या तपासणीपर्यंत ग्रामीण आरोग्यव्यवस्था याच सेविकेच्या खांद्यावर उभी आहे. काम मोठे, पण बढतीची शिडी आखूड. पुढे जीएनएम करायचे तर आधीच्या दोन वर्षांची सूट मिळत नाही, तीन वर्षे नव्याने द्यावी लागतात.

कला शाखेच्या मुलीला पदवी मिळू शकते का?

मिळते, आणि ही गोष्ट समुपदेशनात फारशी सांगितली जात नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचे ‘पोस्ट बेसिक बीएस्सी’ करता येते. चारऐवजी पाच वर्षे लागतात, पण मधल्या काळात नोकरी करता येते. पुढे अनुभवाची अट पूर्ण केल्यावर एमएस्सीचे दार उघडते आणि तिथून अध्यापनाचे. त्यामुळे विज्ञान शाखा नाही म्हणून घाईने एएनएमला जाण्याआधी जीएनएमची चौकशी करणे शहाणपणाचे. जीएनएम बंद करून पदवी हीच किमान पात्रता ठेवण्याचा विचार मध्यंतरी झाला होता, पण अभ्यासक्रम आजही सुरू आहे.

महाविद्यालय निवडताना काय पाहावे?

इमारतीआधी खाटा पाहाव्यात. नर्सिंग रुग्णाजवळ उभे राहूनच शिकता येते. त्यामुळेच जीएनएम आणि बीएस्सीच्या संस्थांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने १०० खाटांच्या स्वतःच्या रुग्णालयाचा निकष ठेवला. खाटा कागदावर असतील आणि वॉर्ड रिकामे असतील, तर विद्यार्थिनीचा हात इंजेक्शनला बसत नाही. रुग्णालय कुठे आहे, तिथे प्रसूती किती होतात, हे प्रवेशाआधी जाऊन पाहिलेले बरे. संस्थेला परिषदेची आणि पदवीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मान्यता हवी. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देणारे वर्ग फार तर रुग्णसेवा सहायक घडवतात. तेही काम प्रामाणिक आहे, पण ती परिचारिकेची नोंदणी नव्हे.

वेतनाचे काय?

शिक्षण तेच, पण सरकारी आणि खासगी रुग्णालयांतील पगारात मोठी दरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २००हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारइतके आणि ५०पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांनीही किमान २० हजार रुपये वेतन द्यावे, असे सुचवले. शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि लहान रुग्णालयांत ती क्वचितच दिसते. शैक्षणिक कर्ज काढून पदवी घेणाऱ्या घरांनी हा हिशेब आधी मांडायला हवा.

परदेशाची वाट कोणाला?

नोंदणीकृत परिचारिकांना. अमेरिकेसाठी एनक्लेक्स परीक्षा द्यावी लागते, आखाती देशांत परवाना परीक्षेबरोबर अनुभवही मागतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तिथे पात्रतेला पूर्ण मान्यता मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते आणि नोकरी सांभाळून ती शिकायला वर्षभर तरी जाते.

नव्या कायद्याने काय बदलेल?

१९४७च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा केला. राष्ट्रीय आणि राज्य आयोग, प्रवेशाची समान पद्धत, संस्थांचे मूल्यांकन अशा तरतुदी त्यात आहेत. परिचारिका आणि सहायक हा भेद मात्र त्यातही कायम आहे.