आजीने लावलेली बटणे



शर्टाचे बटण तुटले की आपल्या घरात काय होते? आई फळीवरचा पत्र्याचा डबा काढते. त्यात जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणे असतात. जोडीचे मिळाले तर ठीक, नाहीतर पांढऱ्या शर्टाला एक निळे बटण लागते आणि पोरगा तसाच शाळेत जातो. अमेरिकेतल्या एका काळ्या मुलाच्या शर्टांनाही त्याची आजी अशीच बेजोड बटणे लावायची. पुढे हीच बेजोड बटणे पॅरिसच्या श्रीमंत बायका भरपूर पैसे मोजून अंगावर घालू लागल्या. त्या मुलाचे नाव पॅट्रिक केली. 1 जानेवारी 1990 रोजी तो पॅरिसमध्ये वारला, तेव्हा त्याचे वय होते अवघे 35 वर्षे.

पॅट्रिकचा जन्म 24 सप्टेंबर 1954 चा, मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग या गावचा. कापसाचा मुलूख, आणि त्या कापसासाठी राबवलेल्या गुलामांचाही. गुलामगिरी कायद्याने संपून नव्वद वर्षे होत आली होती, तरी शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या. आई शाळेत गृहशास्त्र शिकवायची. आजी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायची आणि येताना मालकिणीने टाकून दिलेली फॅशनची मासिके नातवासाठी आणायची. पोराने पाने उलटून पाहिली आणि विचारले, यात आपल्यासारखी एकही बाई कशी नाही? आजी म्हणाली, आपल्या बायकांसाठी कपडे काढायला कोणाला वेळ आहे?

बंगल्यावरून जुनी मासिके आणि उतरलेले कपडे घरी आणणाऱ्या माता-भगिनी आपल्याकडे काय थोड्या आहेत? पण त्या मासिकातली बाई आपल्यासारखी का नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

शिवण तो मावशीकडून शिकला. पुढे अटलांटा शहरात दानात आलेले जुने कपडे निवडण्याचे काम त्याला मिळाले. त्यातलेच चांगले कपडे उसवून, नव्याने शिवून तो विकायचा. इव्ह सां लोरां या बड्या फ्रेंच नावाच्या दुकानात काचेआडचे पुतळे सजवायचे काम त्याने सुरुवातीला बिनपगारी केले. न्यूयॉर्कमध्ये त्याची डाळ शिजली नाही. पॅट क्लीव्हलँड या कृष्णवर्णीय मॉडेलने सल्ला दिला, पॅरिस गाठ. 1979 च्या सुमारास तो तिकडे गेला. परतीचे तिकीट नव्हते. बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे, कमीत कमी शिवणीचे झगे शिवून तो रस्त्यावर विकू लागला. 1985 साली ‘एल’ या फ्रेंच मासिकाने त्याचे कपडे छापले आणि दिवस पालटले. बेटी डेव्हिस, ग्रेस जोन्स अशा नामवंत स्त्रिया त्याचे कपडे घालू लागल्या. 1988 मध्ये तयार कपड्यांच्या पॅरिसमधील मानाच्या संघटनेने त्याला सभासद करून घेतले. तो मान मिळवणारा पहिला अमेरिकन म्हणजे हा स्वयंपाकिणीचा नातू!

स्वतः मात्र तो मिसिसिपीच्या शेतमजुरासारखी खांद्यावर पट्टे असलेली ढगळ डंगरी घालून लोकांसमोर यायचा. या ‘डंगरी’ शब्दाचे मूळ आपल्या मुंबईतल्या डोंगरीत आहे, तिथल्या जाड्याभरड्या कापडात, असे शब्दकोश सांगतात. गिरणीत डंगरी घालून पाळी केलेल्यांना हे वाचून मौज वाटेल.

त्याची एक गोष्ट मात्र माझ्या गळी उतरत नाही. काळ्या माणसाची टिंगल करणारा ‘गॉलिवॉग’ नावाचा बाहुला गोऱ्यांच्या देशात फार चालायचा. जाड लाल ओठ, पिंजारलेले केस. पॅट्रिकने तोच चेहरा आपल्या दुकानाची निशाणी केला. अमेरिकेत ती चालली नाही; खुद्द काळ्या लोकांतही अनेकांना ती खुपली. त्याचे म्हणणे असे की, आपला इतिहास आपण लपवायचा नाही, हातात घ्यायचा. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना वेगळे सांगितले होते. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा, हातागळ्यातले जे दागिने तुमची जात ओळखवून देतात, ते टाकून द्या; कपड्याला ठिगळ असले तरी चालेल, पण तो स्वच्छ असू द्या. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि नेसण बदलली. मला बाबासाहेबांचा मार्ग पटतो. शत्रूने दिलेली खूण कितीही रंगवली तरी ती शत्रूचीच. आजीच्या बटणांची गोष्ट वेगळी. ती गरिबीची खूण होती, पण तिने मायेने लावलेली होती.

1989 मध्ये तो आजारी पडला. एका मोठ्या अमेरिकन कंपनीशी झालेला करार, ऐन भरात आलेला धंदा, सगळे थांबले. मृत्यूनंतर जाहीर झाले ते मेंदूतली गाठ आणि अस्थिमज्जेचा विकार. खरा आजार एड्स होता, हे उघडपणे बोलले गेले ते नंतर. त्या काळी या रोगाचे नाव घेतले की गिऱ्हाईक तुटे, शेजारी तुटे, कधी सख्खे भाऊही तुटत. आपल्याकडेही एड्सच्या रोग्याचे ताट-पेला वेगळा ठेवणारी घरे होती, आणि त्यातली काही आपल्याच वस्तीतली होती. ताट वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला हवे होते का? वर्णाचा विटाळ ओलांडून पॅरिसपर्यंत गेलेल्या माणसाला शेवटी दुसरा विटाळ लपवावा लागला.

त्याचा सहचर आणि धंद्यातला भागीदार ब्योर्न अमेलान याने त्याचे कपडे जपून ठेवले आणि पुढे फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाला दिले. 2014 मध्ये तिथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. त्यात 1986 सालचा एक काळा, अंगाबरोबर बसणारा लोकरी झगा आहे. छातीवर बटणांचेच मोठे बदाम काढले आहे. लाल, पिवळी, हिरवी, निळी, लहान-मोठी, एकाला एक न जुळणारी बटणे.