ओळखीचे शब्द, अनोळखी अक्षरे

कचेरीत अर्ज दाखल होतो, त्याची नक्कल निघते, तारीख पडते, मुदत संपत येते, तपशील मागविला जातो आणि नशीब बलवत्तर असेल तर अखेरीस अर्ज मंजूर होतो. महाराष्ट्रातील कोणत्याही कारकुनाला वा शिक्षकाला हे वाक्य परके वाटणार नाही. पण त्यातील अर्ज, दाखल, नक्कल, तारीख, मुदत, तपशील, नशीब आणि मंजूर हे आठही शब्द मूळचे अरबी आहेत. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले, येथील हवेत त्यांचे उच्चार बदलले आणि ते इतके घरचे झाले की त्यांचे मूळ विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात अशा शब्दांपुढे त्यांच्या मूळ भाषेची खूण करून ठेवली. आपण मात्र ते शब्द ज्या अक्षरांतून जन्मले त्या अक्षरांकडे पाहावे एवढीही उत्सुकता दाखविलेली नाही.

अरबी अक्षरे मशिदीच्या कमानीवर, जुन्या नाण्यावर किंवा दर्ग्याच्या शिलालेखावर दिसली की आपल्यापैकी बहुतेक जण त्यांच्याकडे वेलबुट्टी म्हणून पाहतात, किंवा ‘त्यांची’ लिपी म्हणून पाहतच नाहीत. दुसरीकडे, आपल्याच गावातील मुसलमान मुले मकतबात बसून हीच अक्षरे जबर, जेर, पेश यांसह घोकतात आणि थोड्याच अवधीत अस्खलित वाचू लागतात. परंतु त्या वाचनात अर्थाचा अभ्यास बहुधा मागे राहतो. म्हणजे एकाच्या हाती शब्द आहेत, अक्षरे नाहीत. दुसऱ्याच्या हाती अक्षरे आहेत, पण अर्थाची किल्ली नाही. गंमत अशी की, ती मुले ज्या पहिल्या पुस्तकातून अक्षरे शिकतात त्याला ‘कायदा’ म्हणतात, आणि आपण ज्याच्यासाठी वकिलाकडे जातो तोही कायदाच. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ पाया, बैठक. एकाच पायावर दोघे उभे आहेत आणि दोघांनाही त्याची जाणीव नाही, ही या विषयातील खरी खंत आहे.

अरबी लिपीविषयी जी धास्ती आहे ती पुष्कळशी अनाठायी आहे. अक्षरे अवघी २८. मूळ आकार तर त्याहूनही बरेच कमी. होडीसारखा एक आकार घ्यावा: खाली एक नुक्ता दिला की ‘बे’, वर दोन दिले की ‘ते’, वर तीन दिले की ‘से’. लेखन उजवीकडून डावीकडे चालते आणि अक्षरे एकमेकांचा हात धरून उभी राहतात. अलिफ, दाल, जाल, रे, जे आणि वाव ही सहा अक्षरे तेवढी मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. अलिफ म्हणजे एक उभी रेघ, आपल्या कान्यासारखी. आणि कामही पुष्कळदा कान्याचेच. आता बे, अलिफ, बे अशी तीन अक्षरे लिहावीत. पहिली बे अलिफला जोडली जाते, दुसरी वेगळी उभी राहते आणि शब्द तयार होतो: ‘बाब’. अरबीत बाब म्हणजे दार. ग्रंथाच्या प्रकरणालाही बाबच म्हणतात. आपण ‘ही बाब गंभीर आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याच दारातून आत येत असतो. पहिल्या तासाच्या अखेरीस विद्यार्थ्याला एक पुरा शब्द लिहिता यावा आणि तो त्याच्याच भाषेत नांदणारा असावा, याहून चांगला धडा कोणता?

स्वरांची गोष्ट थोडी निराळी आहे. ऱ्हस्व स्वर तीनच: अ, इ, उ. त्यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत, खुणा आहेत. व्यंजनावर तिरपी रेघ म्हणजे फतहा, तीच खाली म्हणजे कसरा, आणि वर वाव अक्षराची चिमुकली आकृती म्हणजे दम्मा. यांनाच आपल्याकडे जबर, जेर, पेश म्हणतात. स्वर नसल्याचे दाखविणारे छोटे वर्तुळ म्हणजे सुकून, अर्थात आपला पाय मोडणे. दीर्घ स्वरांचे काम अलिफ, ये आणि वाव ही अक्षरे करतात. एवढे समजले की स्वरचिन्हे दिलेला मजकूर वाचता येतो. खरी परीक्षा पुढे आहे. वर्तमानपत्रात, पाटीवर, पत्रात या खुणा देत नाहीत. वाचणाऱ्याने त्या मनात भरून घ्यायच्या असतात. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरे पाहा. स्वर बदलतील तसे त्यांचे मलिक, मुल्क किंवा मिल्क होते, म्हणजे राजा, राज्य किंवा मालकी. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याच्या नावातील मलिक तो हाच, आणि आपला ‘मुलूख’ही येथलाच. मध्ये एक अलिफ घातला की ‘मालिक’, म्हणजे आपला मालक. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना यात नवल वाटू नये. मोडीतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि संदर्भ ठाऊक असल्याविना ओळ उलगडत नाही.

या खुणांची आजची पद्धत आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील इब्न अहमद या वैयाकरणाने घालून दिली असे परंपरा मानते. त्याच्या ‘किताब-अल-ऐन’ या कोशात अक्षरांचा क्रम अलिफपासून नाही. घशातून निघणाऱ्या ध्वनीपासून सुरू होऊन तो ओठांपर्यंत येतो. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत जाणारी आपली वर्णमाला ज्याने लहानपणी म्हटली आहे, त्याला या कोशकाराशी सहज आप्तभाव वाटेल.

मराठी विद्यार्थ्याची अडचण स्वरांपेक्षा जुळ्या ध्वनींची आहे. आपल्या कानाला जो एक ‘ज’ ऐकू येतो, त्याच्यामागे अरबीत चार वेगळी अक्षरे आहेत. अर्जातला ज निराळा, इज्जतीतला निराळा, नजरेतला निराळा आणि नजराण्यातला आणखी निराळा. नजर आणि नजराणा हे शब्द आपल्याला सख्खे भाऊ वाटतात. अक्षरे पाहिली की त्यांचे कूळच वेगळे असल्याचे कळते. उलट नजर, न्यायालयातील नाझर आणि अर्जावरचे ‘मंजूर’ ही एकाच धातूची लेकरे आहेत. मल्लाला मिळतो तो ‘किताब’ आणि ग्रंथ या अर्थाची ‘किताब’ यांचीही तीच कथा: पहिल्याचा आरंभ ‘खे’ने होतो, दुसऱ्याचा ‘काफ’ने. मराठीने जे भेद पुसून टाकले ते अक्षरांनी जपून ठेवले आहेत.

आणि येथेच अक्षरओळखीचे मोल ध्यानात येते. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो; स्वर आणि एखाददुसरा उपसर्ग बदलून त्यातून शब्दांचे कुटुंब वाढते. दखल, दाखल, दाखला हे एक कुटुंब. हशील, महसूल, तहसील हे दुसरे. ‘त्यात काय हशील?’ असे विचारणारा शेतकरी आणि त्याच्याकडून महसूल घेणारी तहसील कचेरी भाषेच्या दृष्टीने एकाच घरातली निघावीत, हा योग मौजेचा खरा. तक्रार या शब्दाचा अरबी अर्थ पुनरावृत्ती असा आहे. कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या माणसाला त्याची व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना तर या भाषेची पहिली पायरी टाळताच येत नाही. शिवकालातील व पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा संग्राम याच सालात येतो. विद्यार्थी हे शब्द मंत्रासारखे पाठ करतात. वास्तविक ते अरबीतील अगदी प्राथमिक शब्द आहेत, आणि त्यांची रीतही आपल्या ओळखीची आहे: आपण ‘एकसष्ट’ म्हणताना एक आधी आणि साठ नंतर घेतो, अरबही तसेच करतो. त्याचे अंक तर आपल्याकडूनच गेले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला, आणि पूर्वेकडील अरब देशांत वापरात असलेल्या अंकांना अरब लोक आजही ‘हिंदी’ अंक म्हणतात. अक्षरे उजवीकडून लिहिणारा अरब संख्या मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडे मोठे स्थान ठेवून लिहितो.

हे अंक कोकणातून आणि मुंबईतून आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारात येतात. या देशांशी आपला संबंध नवा नाही. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत आणि कतार, दुबई आदी ठिकाणी १९६६ पर्यंत तो रुपया चालत होता. आज तेथे जाणारा गवंडी, वाहनचालक वा परिचारिका करारावर सही करते तेव्हा कागद द्विभाषिक असला, तरी सौदी अरेबिया वा संयुक्त अरब अमिरातीत वाद उपस्थित झाल्यास अरबी मजकूर प्रमाण मानला जातो. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो आणि शून्य केवळ एक टिंब असते. सात आणि आठ ही एकमेकांची उलटी आकृती असते. दोन महिन्यांच्या अक्षरओळखीने करारातील कलमे समजणार नाहीत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण आपले नाव, मालकाचे नाव, तारीख आणि वेतनाचा आकडा तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता वाचता येईल. परमुलखात हा आधार लहान नव्हे.

या सूचनेवर आक्षेप येतील. पहिला आक्षेप धर्माचा. अरबी ही कुराणाची भाषा आहे हे खरे. पण ती इस्लामपूर्व कवींचीही होती, आणि लेबनॉन, सीरिया, इजिप्तमधील ख्रिस्ती समाज आजही त्याच भाषेत प्रार्थना करतो. १९७३ पासून ती संयुक्त राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा आहे. दुसरा आक्षेप भाषाशुद्धीचा. शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला, मजुमदाराचा अमात्य झाला, मग परकी शब्दांची मुळे कशाला शोधायची? त्याला माधवराव पटवर्धनांच्या चरित्रातच उत्तर आहे. भाषाशुद्धीचा कैवार घेणाऱ्या या कवीने १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला होता. शब्द ठेवायचा की टाकायचा याचा निर्णय तो ओळखणाऱ्याने करावा. न ओळखता टाकणे याला शुद्धी म्हणत नाहीत. तिसरा आक्षेप ओझ्याचा, आणि तो रास्त आहे. मुलांच्या दप्तरात आणखी एक सक्तीचा विषय कोंबावा असे कोणीही म्हणू नये.

सक्तीची गरजच नाही. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी आठ आठवड्यांचा सायंवर्ग चालवावा: आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. पहिल्या चार आठवड्यांत अक्षरे व त्यांची जोडणी, नंतर दोन आठवडे स्वरचिन्हे, शेवटचे दोन अंक व धातू यांसाठी. पाठ्यपुस्तक बाहेरून आणावे लागणार नाही. बाब, कलम, मालक, दाखला, महसूल, वारस, शर्त अशा दोनशे मराठी शब्दांतून ते तयार होईल. अक्षरे शिकवायला मकतबातले मौलवीसाहेब यावेत, शब्दांचे मराठीतील चरित्र सांगायला भाषेचे शिक्षक यावेत, आणि बाकांवर दोन्ही आळ्यांतील मुले शेजारी बसावीत. ज्याला अक्षरे येतात तो अर्थ घेऊन जाईल. ज्याला अर्थ ठाऊक आहे तो अक्षरे घेऊन जाईल.

असा वर्ग दोन समाजांतील सगळी तेढ मिटवील अशी भाबडी आशा बाळगण्याचे कारण नाही. परंतु जी लिपी वाचता येते तिची भीती वाटत नाही, आणि जिच्यात आपलाच शब्द सापडतो तिला परकी म्हणताना जीभ अडखळते. शाळा सोडताना प्रत्येक मराठी मुलाच्या हाती एक ‘दाखला’ पडतो. दाल, अलिफ, खे, लाम आणि शेवटी एक हे: एवढ्या पाच अक्षरांत तो मावतो. ती पाच अक्षरे आपल्याला लिहिता येऊ नयेत इतकी काही ती अवघड नाहीत.