कॉक्स बझार, १९७१ : शत्रू नसलेला किनारा

१/ १९७१ च्या युद्धातील नौदलाची कामगिरी सांगताना कराचीवरील हल्ला आणि ‘विक्रांत’च्या विमानांचा पराक्रम आवर्जून सांगितला जातो. त्याच डिसेंबरातील कॉक्स बझारची मोहीम मात्र एका ओळीत उरकली जाते. ती विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कारण तेथे शत्रूने प्रतिकार केला नाही, तरीही भारतीय जवानांनी प्राण गमावले.

२/ पूर्व पाकिस्तानातील सैन्य कोसळू लागले, तेव्हा त्यातील काही तुकड्या आराकानमार्गे ब्रह्मदेशात निसटतील अशी शंका आली. ती वाट अडवण्यासाठी कॉक्स बझारच्या दक्षिणेस समुद्रातून सैन्य उतरवण्याचे ठरले. निर्णय युद्ध सुरू असतानाच झाला. तयारीला जेमतेम काही दिवस मिळाले.

३/ तिसऱ्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन आणि बिहार रेजिमेंटच्या काही तुकड्या कलकत्त्याहून ‘विश्व विजय’ या व्यापारी जहाजातून निघाल्या. भर समुद्रात त्यांना ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या नौदलाच्या लँडिंग जहाजांवर हलवण्यात आले. अशा जहाजावरून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव या जवानांना नव्हता.

४/ लँडिंग जहाजाचा तळ उथळ असतो. ते नाळेकडून थेट वाळूला टेकते, पुढचे दार खाली पडते आणि सैन्य चालत उतरते. मात्र त्यासाठी तळाचा उतार, भरतीची वेळ आणि पाण्याखालच्या वाळूच्या पट्ट्या आधी ठाऊक असाव्या लागतात.

५/ कॉक्स बझारला जहाज टेकले ते किनाऱ्याला नव्हे, त्याअलीकडच्या वाळूच्या पट्टीला. पट्टीपलीकडे पाणी पुन्हा खोल होते. पाठीवर ओझे घेऊन उतरलेल्या जवानांच्या पायांना तळ लागेना. काही गुरखा जवान बुडाले आणि उतरणे थांबवावे लागले.

६/ पुढे उरलेल्या सैन्यासाठी स्थानिक होड्यांची मदत घ्यावी लागली. कॉक्स बझार तोवर मुक्तिवाहिनीच्या ताब्यात आले होते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि विजयाच्या आनंदात हे अपयश झाकले गेले.

७/ ‘घाईत असे घडायचेच’ हे समर्थन पुरेसे नाही. २० नोव्हेंबर १९४३ रोजी पॅसिफिकमधील तारावा येथे ओहोटीचा अंदाज चुकला. अमेरिकी मरीन्सच्या होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालावे लागले. हा धडा १९७१ मध्ये नवा नव्हता.

८/ त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले आणि शत्रूच्या पहाऱ्याखालून वाळूचे नमुने घेऊन परतले. ती वाळू रणगाड्यांचे वजन पेलेल का, हे मोहिमेच्या पाच महिने आधी तपासायचे होते. कॉक्स बझारच्या वाळूची अशी चौकशी झाली असती, तर ते जवान वाचू शकले असते.

९/ भारताच्या उभयचर सामर्थ्याची चर्चा आजही बहुधा जहाजांच्या संख्येवर अडते. २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या ‘जलाश्व’ने मे २०२० मध्ये मालदीवमधून शेकडो भारतीयांना कोचीला आणले. युद्धाबाहेरही अशी जहाजे किती उपयोगी पडतात, हे त्यातून दिसले. मोठी जहाजे हवीतच. पण ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ही त्याच कामासाठी बांधलेली जहाजे होती. उणीव होती ती किनाऱ्याच्या माहितीची आणि भूदल-नौदलाच्या एकत्र सरावाची.

१०/ हा सराव युद्ध पेटल्यावर करता येत नाही. तो शांततेतच, वर्षानुवर्षे आणि खर्चाची तक्रार न करता करावा लागतो. विजयदिनी कराचीची आठवण जरूर निघावी. त्या वेळी कॉक्स बझारच्या पाण्यात बुडालेल्या गुरखा जवानांचीही निघावी. ते हरलेल्या लढाईत पडले नाहीत, म्हणून त्यांचा मृत्यू किरकोळ ठरत नाही.