गुप्त विमानांचा धनी कोण?

कारभारात गोंधळ माजला की त्यावर दोन प्रकारचे उपाय सुचविले जातात. हा कारभार मुळात करावयास हवा होता काय, याचा विचार करणे हा एक उपाय. त्याच कारभाराची विखुरलेली खाती एका अधिकाऱ्याच्या हाताखाली आणणे हा दुसरा. राज्यकर्त्यांना दुसरा उपाय नेहमीच अधिक भावतो. त्यात धोरण बदलावे लागत नाही, चूक कबूल करावी लागत नाही आणि सुधारणा केल्याचे श्रेय मात्र आयते पदरात पडते. अमेरिकेच्या सी. आय. ए. या हेरसंस्थेने फेब्रुवारी 1959 मध्ये आपल्या गुप्त हवाई मोहिमा एका विभागाच्या आज्ञेखाली आणल्या, त्या घटनेकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पुढच्या सव्वादोन वर्षांत जे घडले ते केवळ अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रकरण नाही. जेथे जेथे सरकार आपल्या नागरिकांपासून लपवून शस्त्र वापरते, तेथे तेथे त्यातून घेण्याजोगा धडा आहे.

या हेरसंस्थेचा जन्म 1947 चा. 1949 च्या कायद्याने तिला खर्चाचा तपशील गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली, आणि 1950 मध्ये तिने ‘सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट’ ही चीनमध्ये जन्मलेली विमान कंपनी विकत घेतली. वरवर पाहता ही प्रवासी आणि माल वाहणारी व्यापारी कंपनी. आतून मात्र परकीय भूमीवर माणसे आणि शस्त्रे उतरविणारी यंत्रणा. 1952 मध्ये तिचे एक विमान मांचुरियात पाडले गेले. वैमानिक ठार झाले आणि विमानातील दोन अमेरिकन हेर पकडले गेले. त्यांपैकी एकाची सुटका 1971 मध्ये झाली, दुसऱ्याची 1973 मध्ये. इतकी वर्षे त्यांचे सरकार ते कोण आहेत याविषयी खोटे बोलत राहिले. 1954 मध्ये ग्वातेमालातील लोकनियुक्त आर्बेन्झ सरकार उलथविताना याच संस्थेची विमाने राजधानीवर घिरट्या घालीत होती. 18 मे 1958 रोजी इंडोनेशियात ॲम्बोनवर बॉम्ब टाकणारे एक बी-26 विमान पाडले गेले, तेव्हा त्यातून जिवंत हाती लागलेला वैमानिक अमेरिकन निघाला. त्याच्या आदल्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, प्रत्येक बंडात भाडोत्री सैनिक असतातच, अशा आशयाचे उद्गार काढून हात झटकले होते.

म्हणजे 1958 पर्यंत गोंधळ भरपूर झाला होता. मग उपाय कोणता निघाला? या मोहिमा कोणाच्या परवानगीने, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या लोकांच्या हितासाठी चालतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. यू-2 या उंच उडणाऱ्या टेहळणी विमानाचा प्रकल्प यशस्वी करून दाखविणारे रिचर्ड बिसेल हे 1959 च्या आरंभी गुप्त कारवायांचे प्रमुख झाले. त्यांच्याबरोबर यू-2 चा विभागही त्या शाखेत आला, आणि माणसे व शस्त्रे टाकणाऱ्या विमानांचा विभाग त्यातच विलीन झाला. छायाचित्रे घेणारे विमान आणि बॉम्ब टाकणारे विमान आता एकाच छत्राखाली आले, एकाच माणसाच्या मुठीत आले.

या व्यवस्थेचे समर्थक आजही असतात आणि त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. ते म्हणतात, अनेक हातांनी विमाने हाकली तर खर्च दुप्पट होतो, वैमानिकांचे प्राण धोक्यात येतात आणि चूक झाल्यास जाब कोणाला विचारावा हे कळत नाही. एक प्रमुख असला की जबाबदारी निश्चित होते. एस. टी. महामंडळाला किंवा रेल्वेला हा युक्तिवाद लागू पडतो, यात शंका नाही. पण तो तेथे का लागू पडतो? रेल्वेच्या अपघातानंतर मंत्र्याला लोकसभेत उभे राहावे लागते, हिशेब तपासनीस वह्या उघडतात, वर्तमानपत्रे प्रश्न विचारतात, म्हणून. तेथे प्रमुख एक असला तरी त्याला धारेवर धरणारे अनेक असतात. गुप्त खात्यात हे सारे दरवाजे बंद असतात. तेथे आज्ञेची साखळी खालच्या बाजूने आवळली जाते, पण वरच्या बाजूचा दुवा तुटलेलाच राहतो. अधिकार एकवटतो आणि उत्तरदायित्व हवेत विरून जाते. लोकशाहीत एकसूत्रीपणा हा गुण ठरतो तो सूत्राचे दुसरे टोक लोकांच्या हाती असेल तेव्हाच.

या एकछत्री कारभाराची पहिली कसोटी लागली 1 मे 1960 रोजी. पेशावरहून निघालेले यू-2 विमान सोव्हिएत रशियाच्या आकाशात स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले गेले. हवामानाचा अभ्यास करणारे विमान वाट चुकले, अशी कहाणी वॉशिंग्टनने तत्परतेने प्रसृत केली. वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत असून सोव्हिएत कैदेत आहे, हे क्रुश्चेव्ह यांनी जाहीर करताच ती कहाणी कोसळली. दोन आठवड्यांत पॅरिसची शिखर परिषद मोडली. दोन महासत्तांत शस्त्रसंधीची जी क्षीण आशा होती, ती या एका उड्डाणाने मावळली. जगाच्या शांततेचा असा निर्णय घेणाऱ्यांना अमेरिकन मतदाराने कधी निवडून दिले होते?

दुसरी कसोटी अधिक रक्तरंजित होती. 15 एप्रिल 1961 रोजी क्यूबाच्या विमानदलाच्या खुणा रंगविलेली आठ बी-26 विमाने निकाराग्वातून उडाली आणि त्यांनी क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. आणखी एक विमान थेट मायामीला उतरविण्यात आले आणि त्याचा वैमानिक कॅस्ट्रोला सोडून पळालेला बंडखोर म्हणून जगापुढे उभा करण्यात आला. संयुक्त राष्ट्रसंघात ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी हेच सांगितले. त्यांना स्वतःलाच त्यांच्या सरकारने अंधारात ठेवले होते! दोन दिवसांनी बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर सुमारे 1400 क्यूबन निर्वासित उतरविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य तीन दिवसांत कैद झाले, शंभराहून अधिक मेले.

आणि येथेच एकसूत्री कारभाराचा कार्यक्षमतेचा दावाही उघडा पडला. सगळी विमाने हवाई विभागाच्या ताब्यात, आणि किनाऱ्यावरील मोहिमेची जबाबदारी दुसऱ्याच गटाकडे. मोहीम आखणाऱ्याला विमानांवर हुकूम चालविता येईना आणि विमाने चालविणाऱ्याला मोहिमेचे उत्तर द्यावे लागेना. दोघांना जोडणारा माणूस एकच, तो म्हणजे शिखरावर बसलेला बिसेल. संस्थेच्या स्वतःच्या महानिरीक्षकाने, लायमन कर्कपॅट्रिक यांनी, त्याच वर्षी लिहिलेल्या अहवालात या विस्कळीत रचनेवर कठोर टीका केली. तो अहवालही दशकानुदशके कुलूपबंद राहिला. विमानांचे एकत्रीकरण साधले, पण विचाराचे, जबाबदारीचे आणि सत्याचे विघटन झाले.

19 एप्रिलला अलाबामाच्या नॅशनल गार्डमधील चार अमेरिकन हवाई सैनिक या लढाईत मारले गेले. सरकारने त्यांना आपले म्हणण्यास नकार दिला. त्यांतील एका वैमानिकाचा देह हवानामध्ये शीतगृहात राखून ठेवलेला होता. तो मायदेशी परतला 1979 च्या डिसेंबरात, अठरा वर्षांनी. आपल्या हुकुमावरून मेलेल्या माणसाला सरकार ओळख दाखवीत नाही, हा नाकबुलीच्या धोरणाचा खरा अर्थ आहे. साम्राज्यशाहीने परक्यांना चिरडावे हे अपेक्षितच. पण ती आपल्या चाकरांनाही किती सहज टाकून देते, हे या देहाने दाखवून दिले.

यानंतर संस्थेने काय केले? पुन्हा फेररचना! 1962 मध्ये टेहळणीची विमाने गुप्त कारवायांच्या शाखेतून काढून नव्या संशोधन शाखेकडे देण्यात आली. 1963 मध्ये विमान कंपन्यांवर देखरेख करण्यासाठी वेगळी समिती नेमण्यात आली. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जे जोडले तेच तोडले, आणि उरलेल्याची नवी मोट बांधली. कपाटे बदलली, कागद तेच राहिले. ‘एअर अमेरिका’ हे नाव धारण केलेली ती जुनी कंपनी या काळात लाओसमध्ये तांदूळ, शस्त्रे आणि ह्मोंग तरुण वाहून नेत होती. 1962 च्या जिनिव्हा कराराने लाओसची तटस्थता अमेरिकेने मान्य केली होती. म्हणून तेथले युद्ध अमेरिकेच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. 1964 ते 1973 या काळात अमेरिकन हवाई दलाने त्या चिमुकल्या देशावर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील न फुटलेले बॉम्ब पुढची कित्येक दशके शेतात नांगर घालणाऱ्यांचे आणि खेळणाऱ्या मुलांचे बळी घेत राहिले. ज्या ह्मोंगांना या युद्धात ओढले, त्यांतील हजारोंच्या वाट्याला 1975 नंतर थायलंडमधील निर्वासितांच्या छावण्या आल्या.

‘एअर अमेरिका’ 1976 मध्ये बंद झाली. त्याच सुमारास सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने या संस्थेच्या कारवायांची चौकशी केली आणि प्रथमच लोकप्रतिनिधींच्या हाती काही कागद पडले. पण वळण मोडले नाही. 5 ऑक्टोबर 1986 रोजी निकाराग्वात काँट्रा बंडखोरांना शस्त्रे नेणारे विमान पाडले गेले. त्यातून वाचलेला युजीन हासेनफुस हा पूर्वी ‘एअर अमेरिका’तच काम केलेला माणूस होता. काँट्रांना लष्करी मदत करण्यास अमेरिकन काँग्रेसने तेव्हा मनाई केलेली होती. 2001 नंतर याच संस्थेची विमाने माणसांना पळवून छळछावण्यांत पोहोचवू लागली. युरोपीय संसदेच्या 2007 च्या अहवालाने युरोपच्या आकाशातील अशा हजाराहून अधिक उड्डाणांची नोंद केली. 2004 पासून वैमानिकाविना उडणारी विमाने पाकिस्तानच्या सरहद्दीवरील गावांवर क्षेपणास्त्रे टाकू लागली. 2013 मध्ये ही विमाने हेरसंस्थेकडून काढून संरक्षण खात्याकडे द्यावीत, असा विचार ओबामा सरकारने मांडला, तेव्हा पुन्हा तोच जुना वाद रंगला: हुकूम कोणत्या खात्याचा असावा? ज्यांच्या घरावर क्षेपणास्त्र पडते त्यांना खाते कोणते, याने काय फरक पडतो?

हा वाद भारताला परका नाही. 1962 च्या पराभवानंतर भारताने अमेरिकेच्या साहाय्याने ‘एव्हिएशन रिसर्च सेंटर’ ही गुप्त हवाई संघटना 1963 मध्ये उभारली. ओडिशातील चारबतिया हा तिचा प्रमुख तळ. मे 1964 मध्ये, नेहरूंच्या निधनाच्या अवघे तीन दिवस आधी, याच तळावरून अमेरिकेच्या यू-2 विमानाने चीनच्या सरहद्दीवर टेहळणी केली. अलिप्ततेचा उद्घोष करणाऱ्या देशाच्या भूमीवरून झालेल्या या उड्डाणांचा अधिकृत तपशील भारतीय नागरिकाच्या हाती आला तो 2013 मध्ये, आणि तोही दिल्लीच्या नव्हे, तर वॉशिंग्टनच्या दप्तरातून! चीनचा धोका खरा होता, सरहद्दीवर डोळे असणे आवश्यक होते, हे कोणीही समंजस माणूस नाकारणार नाही. प्रश्न डोळे असावेत की नसावेत हा नाही. ते डोळे कोणाच्या मालकीचे आहेत, आणि त्यांनी जे पाहिले त्याची झळ ज्या जनतेला लागणार तिच्या प्रतिनिधींना त्याचा पत्ता असतो काय, हा आहे. नंदादेवीच्या हिमशिखरावर 1965 मध्ये नेऊन हरविलेल्या अणुशक्तीवरील यंत्राची कबुलीही संसदेला मिळाली ती 1978 मध्ये, अमेरिकन नियतकालिकाने गौप्यस्फोट केल्यावर.

गुप्तवार्ता विभाग आणि ‘रॉ’ या दोन्ही संस्था संसदेने केलेल्या कायद्यातून जन्मलेल्या नाहीत. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी संसदीय समिती नाही. 2011 मध्ये लोकसभेत आलेले या विषयावरील खासगी विधेयक कायद्यापर्यंत पोहोचले नाही, आणि ज्या पक्षांनी विरोधी बाकांवर असताना या मागणीला माना डोलावल्या, ते सत्तेवर येताच गप्प झाले. आणीबाणी भोगलेल्या देशाला तरी हे मौन परवडणारे नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावयाची?

म्हणून खात्यांच्या फेररचनेचे गाजर समाजवाद्यांनी स्वीकारू नये. विमाने एका प्रमुखाखाली असोत की दहांच्या, प्रत्येक गुप्तवार्ता संस्थेचा पाया संसदेच्या कायद्यात असला पाहिजे. तिच्या पैशाचा हिशेब, बंद दाराआड का होईना, लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे गेला पाहिजे. आणि ठरावीक मुदतीनंतर तिचे कागद खुले झालेच पाहिजेत, म्हणजे आपला इतिहास परक्यांच्या दप्तरातून वाचण्याची नामुष्की पुढच्या पिढीवर येणार नाही. ज्या विमानाचा धनी जनतेला ठाऊक नाही, ते विमान कोणत्या दिशेला वळेल याचा भरवसा त्या जनतेने धरू नये.