मूठ कीं तराजू? — वराहपिल्लांच्या खाद्यांतील खनिजें

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां ज्यानें आयुष्यभर हिशेब पैपर्यंत जुळविला, त्यानेंच निवृत्तीनंतर वराहपालन सुरू केल्यावर खनिजें मात्र मुठीनें घालावीं, हें सांगतांना मला संकोच वाटतो. तथापि ही चूक माझ्या एकट्याची नाहीं. ज्या शेतकरी बंधूंनीं हा धंदा हातीं घेतला आहे, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या शेडमध्यें हीच रीत मीं पाहिली आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

अकरा पिल्लें दीड महिन्याचीं होतांच मीं आईपासून तोडलीं. तयार खाद्य विकत आणीत असें. हाडें मजबूत व्हावीं या हेतूनें त्या खाद्याच्या दर पांच किलोंमागें चुनखडीच्या भुकटीची एक मूठ माझ्याच हातानें पडे. महिन्याभरांत पिल्लांची वाढ मंदावली. पोटावर व मांड्यांच्या आंतील बाजूस प्रथम लाल ठिपके, मग कोरड्या, भेगाळलेल्या खपल्या दिसूं लागल्या. खरूज समजून मीं औषध चोळलें, आणि अंगांत ताकद यावी म्हणून मूठ जरा मोठी केली! शेवटीं जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “भाऊसाहेब, हीं पिल्लें अंग घासतात काय?” घासत नव्हतीं. खरजेंत खाज असते; या रोगांत ती बहुधा नसते. रोगाचें नांव पॅराकेराटोसिस, आणि त्याचें मूळ जस्ताच्या उणिवेंत.

खाद्यांत जस्त होतें, मग उणीव कशी? १९५५ सालीं अमेरिकेंतील अलाबामा येथील टकर व सॅमन या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, जस्त दिल्यानें हा रोग बरा होतो आणि कॅल्शियम वाढविल्यानें तो बळावतो. मका, कोंडा, सोयाबीनची पेंड यांत फायटिक अॅसिड असतें. तें जस्तास धरून ठेवतें. त्यांत कॅल्शियमची भर पडली म्हणजे ती गांठ अधिकच घट्ट बसते, व जस्त अंगीं न लागतां विष्ठेवाटे निघून जातें. कोरडें खाद्य घालणाऱ्यांस हा धोका विशेष.

त्या रात्रीं मीं मूठ तराजूंत घातली. शंभर ग्रॅम भरली. चुनखडींत कॅल्शियम शेंकडा ३८ च्या सुमारास असतें. म्हणजे पांच किलो खाद्यांत ३८ ग्रॅम, किलोमागें साडेसात ग्रॅमांहून थोडें अधिक. दूध तुटलेल्या पिल्लास किलो खाद्यामागें एकूण कॅल्शियम लागतें सात ते आठ ग्रॅम, आणि तेवढें त्या तयार खाद्यांत आधींच होतें. मीं सरळ दुप्पट केलें होतें! जस्त लागतें किलोमागें सुमारें १०० मिलिग्रॅम, म्हणजे क्विंटलमागें अवघे दहा ग्रॅम. इतकी लहान वस्तु मुठीच्या हिशेबांत बसणार कशी?

खनिजें देऊंच नयेत असें माझें म्हणणें नाहीं. पिल्लें मातींत उकरीत हिंडत, तेव्हां कांहीं खनिजें त्यांस तेथें मिळत. सिमेंटच्या फरशीवर तीं आपणच पुरविलीं पाहिजेत. जो घरींच मका व पेंड मिसळतो त्यानें खनिज मिश्रण अवश्य घालावें, पण तोलून. तयार खाद्यांत मात्र वरून चिमूटही नको.

आतां जस्त कमी पडतें म्हणून जस्ताचा मारा करणारेही भेटतात. दूध तुटल्यावर पिल्लांस हगवण लागते, ती थांबविण्यास युरोपांत पहिले दोन आठवडे किलोमागें अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत जस्त झिंक ऑक्साइडच्या रूपानें देत. गुण येई, परंतु बहुतेक जस्त खतांतून शेतांत जाई व तेथेंच सांचे, शिवाय औषधांस दाद न देणारे जंतू वाढण्याची भीति. म्हणून युरोपीय संघानें जून २०२२ पासून तो उपचार बंद केला. ज्याचें खत स्वतःच्याच जमिनींत पडतें, त्यानें याचा विचार करावा. पिकास घालावयाचें झिंक सल्फेटही पिल्लांस देऊं नये. त्यांत शिसें व कॅडमियम यांची भेसळ असूं शकते. जातां जातां हेंही सांगतों कीं, वराहांचें तांबेयुक्त मिश्रण मेंढ्यांपुढें चुकूनही ठेवूं नये. वराहांस सोसणारें तांबें मेंढीस विष होतें.

माझीं पिल्लें चुनखडी बंद करून जस्त दिल्यावर तीन आठवड्यांत सुधारलीं. पण विक्रीस महिनाभर उशिरां गेलीं, व त्या महिन्याचें खाद्य माझ्या पदरचें. आपल्या मंडळास माझी विनंति आहे कीं, सभासदांस सुटी भुकटी देणें बंद करावें. मिश्रणाच्या प्रत्येक पिशवीवर कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबें व लोह यांचें प्रमाण मराठींत छापावें, आणि क्विंटलमागें किती ग्रॅम घालावयाचें तेंही लिहावें. पुढील सर्वसाधारण सभेंत हा ठराव मी मांडणार आहें. अनुमोदन देण्यास कोणी पुढें यावें.