मधली वर्षं कोण मोजतं?

हॉस्टेलवर ‘अशी ही बनवाबनवी’ न पाहिलेला मुलगा दाखवा आणि मेसमध्ये माझ्या वाटणीचं गोड खुशाल घ्या! पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून वणवण करणाऱ्या चौघा मित्रांची गोष्ट हॉस्टेलवाल्यांना आवडणार नाही तर कोणाला? चित्रपट १९८८ चा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तरी संवाद सगळ्यांना पाठ. व्हायवाला थिअरम आठवत नाही, पण हे आठवतं.

गंमत पुढे आहे. याच चित्रपटाचे दिग्दर्शक सचिन पिळगावकर यांचं नाव काढलं की कॉमन रूममध्ये वेगळंच हसू पिकतं. त्यांच्या मुलाखती, स्वतःविषयी भरभरून बोलण्याची त्यांची सवय, त्यावरचे विनोद... सगळं मोबाईलवर फिरत असतं. मीही हसतो, खोटं कशाला बोलू? पण या हसण्यात एक मोठी गोष्ट आपल्या हातून निसटते असं माझं मत आहे, आणि ती गोष्ट नटांपेक्षा आपल्याच जास्त कामाची आहे.

आधी हिशेब मांडू. सचिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १९५७ चा. राजा परांजपे यांचा ‘हा माझा मार्ग एकला’ आला १९६३ साली. म्हणजे पडद्यावर आले तेव्हा वय पाच-सहा वर्षं. मग हिंदीत ‘मास्टर सचिन’ म्हणून कामं सुरू झाली. हृषीकेश मुखर्जींच्या ‘मझली दीदी’मध्ये (१९६७) मीनाकुमारीसमोर हा मुलगा उभा राहिला. १९७५ मध्ये ‘गीत गाता चल’चा नायक. त्याच वर्षी ‘शोले’मध्ये इमामसाहेबांचा मुलगा अहमद. पुढे ‘अंखियों के झरोखों से’ (१९७८), ‘नदिया के पार’ (१९८२). १९८२ मध्येच ‘मायबाप’पासून मराठीत दिग्दर्शन. त्यानंतर ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४), ‘गंमत जंमत’ (१९८७) आणि मग आपली लाडकी ‘बनवाबनवी’. २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’त खाँसाहेब. २०२४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा २’चं दिग्दर्शन. पहिल्या चित्रपटापासून मोजलं तर साठ वर्षांच्या वर झाली. आपल्याकडे नोकरीतून माणूस अठ्ठावन्न-साठला निवृत्त होतो. इथे नोकरीच साठ वर्षांची!

जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘मास्टर अमुक’, ‘बेबी तमुक’ अशी नावं ढिगाने दिसतात. त्यातली बहुतेक पुढे कुठे गेली, कोणाला पत्ता नाही. कारण उघड आहे. लहान मूल लोकांना आवडतं ते लहान आहे म्हणून. गोबरे गाल, बोबडे बोल, मोठ्यांसारखं एखादं वाक्य टाकलं की टाळी. मग आवाज फुटतो, मिसरूड फुटतं. मुलाच्या भूमिकेला तो मोठा आणि नायकाच्या भूमिकेला लहान. तेरा ते अठरा या वर्षांत त्याला ना काम, ना टाळी. आदल्या वर्षापर्यंत जे लोक गालगुच्चा घेत होते तेच म्हणतात, ‘अरे, हाच का तो? किती गोड होता!’

माझा रूममेट पेणचा. त्याच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. जुलैमध्ये तिकडे गेलो की पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे मूर्तीच मूर्ती. तिथे एक गोष्ट कळली. साच्यातून निघालेली मूर्ती पाहून नवखा माणूस म्हणतो, ‘झाली की!’ पण त्याचे काका म्हणतात, ही तर नुसती सुरुवात. सांधे बुजवायचे, हात फिरवून सफाई करायची, नीट वाळवायची, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात तयार व्हायला वर्षं जातात. साचा एकच असला तरी मूर्तीत जीव येतो तो या पुढच्या कामामुळे.

बालकलाकाराचं तसंच आहे, असं मला वाटतं. पाच वर्षांच्या मुलाचा अभिनय हा बराचसा दिग्दर्शकाचा साचा असतो. समोर राजा परांजपे असतील तर साचा उत्तमच निघणार. पण त्या साच्यातून निघालेल्या मुलाने पुढे स्वतःवर हात फिरवला की नाही, यावर सगळं ठरतं.

सचिन यांनी मधल्या काळात काय केलं? ते सेटवर नुसते नट म्हणून थांबले नाहीत. संकलनाचे धडे आपण हृषीकेश मुखर्जींकडून घेतले आणि ‘शोले’च्या वेळी दुसऱ्या युनिटच्या कामातही हात घातला, असं त्यांनीच मुलाखतींमधून सांगितलं आहे. तुम्ही म्हणाल, परत तीच आत्मस्तुती! असू दे. बोलणं बाजूला ठेवा आणि नुसता पुरावा बघा. ‘बनवाबनवी’ची गोष्ट घेतली आहे हृषीकेश मुखर्जींच्याच ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून. ज्यांच्या हाताखाली लहानपणी काम केलं, त्यांच्या जुन्या चित्रपटाचं सोनं करून दाखवणं हे नुसत्या गोड चेहऱ्याने होत नाही. विनोदाची वेळ, प्रसंग कुठे तोडायचा, लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांना किती मोकळं सोडायचं, हे सगळं शिकावं लागतं.

आमच्या केमिकलवाल्यांना हे लगेच पटेल. धाटाव एमआयडीसीत ट्रेनिंगला गेलं की दोन प्रकारची मुलं दिसतात. एक सर्टिफिकेटवर सही कधी मिळते याची वाट बघत कँटीनमध्ये बसणारी, आणि दुसरी ऑपरेटरच्या मागे फिरून ‘काका, हा व्हॉल्व्ह आधी का बंद केला?’ असं विचारणारी. सही दोघांनाही मिळते, फरक पाच वर्षांनी दिसतो.

आता दुसरं उदाहरण. महेश कोठारे. जन्म १९५३ चा. ‘छोटा जवान’ (१९६३) या मराठी चित्रपटाने सुरुवात, आणि ‘राजा और रंक’मध्ये (१९६८) राजपुत्र आणि गरीब मुलगा अशी दुहेरी भूमिका. यापेक्षा मोठं यश बालकलाकाराला काय मिळणार? पण हा मुलगा पुढे कायदा शिकला, वकील झाला, वकिली केली. मधे नायक म्हणूनही काही चित्रपट केले. खरा जम बसला तो १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ दिग्दर्शित केला तेव्हा, वयाच्या एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी. मग ‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, आणि तात्या विंचूमुळे अजूनही लहान मुलांची झोप उडवणारा ‘झपाटलेला’ (१९९३). तंत्राचा हा सोस पाहिला की वाटतं, हा माणूस आपल्या ब्रँचला शोभला असता!

मी रोह्याचा. आमच्याकडे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि पुढे कोकण रेल्वे सुरू होते. लांबच्या गाडीत झोपलेल्या प्रवाशाला हे कळतही नाही. पण पुढचे रूळ टाकलेच नसते तर गाडी रोह्यालाच उभी राहिली असती, आणि कित्येक वर्षं रोहा शेवटचं स्टेशन होतंच. बालपणीची प्रसिद्धी अशीच एका स्टेशनात संपते. पुढचे रूळ ज्याचे त्याने टाकायचे असतात. सचिन यांनी ते सेटवर राहून टाकले, कोठारे यांनी पदवीच्या वाटेने जाऊन.

तिसरी वाट मला सगळ्यात जास्त भावते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यातला श्याम म्हणजे माधव वझे. अख्ख्या महाराष्ट्राला रडवणाऱ्या या मुलाने स्टार होण्याचा हट्ट धरला नाही. ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले, नाटकं बसवली, आणि उतारवयात ‘थ्री इडियट्स’सारख्या चित्रपटात छोटी भूमिकाही करून गेले. २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा बातम्यांत ‘श्याम गेला’ असा सूर होता. पण त्यांनी वर्गात आणि तालमीत घालवलेली वर्षं पडद्यावरच्या त्या दोन-अडीच तासांपेक्षा लहान नव्हती. आपण फक्त श्यामच लक्षात ठेवतो, हा दोष आपला.

इथे कोणी म्हणेल, ‘अरे, यांच्या घरातच सिनेमा-नाटक होतं!’ बरोबर आहे. सचिन यांचे वडील शरद पिळगावकर निर्माते होते. ‘अष्टविनायक’ (१९७९) त्यांचाच, आणि नायक सचिन. कोठारे यांचे वडील अंबर कोठारे रंगभूमीवरचे. घरचा आधार मोठा असतो, तो नाकारू नये. सगळ्यांना तो मिळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले आणि त्यांची मुलगी नंदा आठेक वर्षांच्या वयात ‘बेबी नंदा’ म्हणून कॅमेऱ्यासमोर आली. ‘गीत गाता चल’मध्ये सचिनसोबत नायिका होती ती सारिका. तीही बालकलाकार, लहानपणी मुलग्याच्या भूमिकासुद्धा केल्या. शाळेत जायला मिळालं नाही, घर चालवायचं होतं, असं तिने सांगितलं आहे. पुढे ‘परझानिया’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टाळ्या आपण वाजवल्या, पण शाळा तिची बुडाली.

अमेरिकेत चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (१९२१) जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा लहानपणी कमावलेला पैसा आईने आणि सावत्र वडिलांनी उडवल्याचं त्याला कळलं. तो कोर्टात गेला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. आपल्याकडे बालमजुरीविषयीच्या नियमांत ही तरतूद २०१७ मध्ये आली. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत. नियम चांगले आहेत. पण गावच्या नवरात्रात रात्री बारा वाजता पाच वर्षांच्या पोरीला ‘अजून एक, अजून एक’ म्हणून नाचवणाऱ्या आपल्याला हे कोण सांगणार? मोबाईलवर लेकराचे व्हिडिओ टाकून लाइक मोजणाऱ्या काका-मामांना कोण सांगणार? तिथे कलेक्टरची परवानगी नसते, घड्याळही नसतं.

चांगली उदाहरणंही जवळच आहेत. २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘लिट्ल चॅम्प्स’मुळे आपल्या रायगडची, अलिबागची मुग्धा वैशंपायन घराघरात पोचली. इवलीशी मुलगी! कार्यक्रम संपला, पण ती गाणं शिकत राहिली आणि आज मोठी होऊनही गाते आहे. लोकांना ती छोटी मुग्धा आठवते, तिला मात्र रोजचा रियाज करावा लागला असणार.

आता मुद्द्याचं. मित्रांनो, हे सगळं मी इंजिनीअरिंगच्या मासिकात का लिहितो आहे? कारण हे कॉलेज म्हणजे माजी बालकलाकारांची वसाहत आहे! आपल्यापैकी प्रत्येक जण कुठल्या तरी शाळेचा ‘पहिला’ आहे. कोणाचा फोटो पेणच्या क्लासच्या फ्लेक्सवर झळकला, कोणाचा सत्कार रोह्याच्या सभागृहात शाल-श्रीफळ देऊन झाला. दहावी-बारावीला गावाने डोक्यावर घेतलं. आणि इथे आल्यावर पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये केटी! मग काही जण वर्षानुवर्षं बारावीचे मार्कच सांगत बसतात, आणि काही जण ‘मी आता संपलो’ म्हणून पांघरूण ओढून घेतात. माझ्या मते चूक एकच, आणि ती दोघांचीही: साच्यातून निघालेली मूर्ती पूर्ण झाली असं धरून चालणं.

आपण अठरा ते बावीसमध्ये आहोत. हीच ती मधली वर्षं, टाळी नसलेली. वर्कशॉपमध्ये फाइलिंग करताना कोणी शिट्टी वाजवत नाही, रात्री दोन वाजता चालू न झालेल्या प्रोजेक्टला कोणी पुष्पगुच्छ देत नाही. पण सचिन संकलनाच्या खोलीत बसले तेव्हा, कोठारे कायद्याची पुस्तकं वाचत होते तेव्हा आणि वझे सर वर्गात शिकवत होते तेव्हा बाहेर कोणी टाळ्या वाजवत उभं नव्हतं.

आदरणीय सर-मॅडमनाही एक विनंती. गुणगौरव समारंभात दरवर्षी रँकवाल्यांचा सत्कार होतो, तो व्हावाच. पण पहिल्या वर्षी अडखळून तिसऱ्या वर्षापर्यंत सावरलेल्या मुलांचीही दोन नावं घ्या. गॅदरिंगमध्ये पडद्यामागे लाइट सांभाळणाऱ्याला, प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला एकदा स्टेजवर बोलवा. मधल्या वर्षांची कोणी तरी नोंद ठेवतंय एवढं कळलं तरी पुष्कळ मुलं पांघरूण बाजूला सारतील.

आणि बारावीच्या मार्कांचं म्हणाल तर, तो आपला पहिला चित्रपट होता. चांगला चालला, छान झालं. आता दुसऱ्याच्या तयारीला लागू या.